आतून धुरकटलेली काच

गाडीच्या काचेवर आतून वाफ धरायला लागली तेव्हा सगळ्यात आधी दोष माझ्या तोंडाला मिळाला.

"तू बडबडतेस फार," नवरा म्हणाला. "काचा बंद, फोन स्पीकरवर, आणि तुझी टकळी चालू. धरणारच ना वाफ."

"अहो, मग तुमच्या आईला बसवलं तर गाडीत पाऊसच पडेल," मी म्हटलं.

सासूबाई पडवीत सुकट निवडत बसलेल्या, त्या हसल्या. नवरा हसला नाही. तो हसला नाही की पुढे काय होतं ते आमच्या घरात भांड्यांनासुद्धा ठाऊक होतं. मी गपचूप उठले आणि बादली घेऊन कपडे वाळत घालायला मागे गेले. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, पण हाताला काम असलं की तो जरा लांब राहतो.

आमचं घर डोंबिवलीच्या बाहेर, शीळ रस्त्यावरून आत. सासरची माणसं इथली मूळची. आधी भातशेती, खाडीकडे मिठागरं. आता शेतांवर टॉवर उभे आहेत आणि नवरा गाळे भाड्याने देतो. शेत गेलं तरी शेताचा तोरा गेला नाही, तो त्याने गाडीवर काढला. मोठी पांढरी गाडी. तिला तो रोज सकाळी अंघोळ घालायचा, स्वतःची राहिली तरी चालेल. मला ती चालवायला मिळायची, पण एका कामापुरतीच, शहाडला जायला.

शहाडला माझी आई. वडील कधीच गेले, भाऊ नाही. तिला झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. शेजारीण रात्री तिच्या सोबतीला झोपायची, पण सकाळी उजाडलं की ती कामावर निघायची. तिथून मी पोचेपर्यंत आई एकटी, आणि ओली. डायपर घातला तरी रात्रभराचा तो, किती धरणार? मी पोचून तिला पुसायची, कोरडी करायची, भरवायची. मग दोन दिवसांआड कमरेला धरून गाडीत घालायची आणि कल्याणला व्यायामाला न्यायची. गाडी असली तर आई वेळेवर कोरडी व्हायची, नसली तर नाही. सगळं त्या एका चावीवर येऊन थांबलेलं.

आणि त्याच गाडीने दगा द्यायला सुरुवात केली.

सकाळी दार उघडलं की आत कोंदट, कुबट वास. समोरची काच आतून पांढरीफटक. ब्लोअर लावला की खाली हातभर जागा साफ व्हायची आणि सिग्नलला थांबले की परत मिटायची. एसी लावून पाहिला. बाहेरची हवा आत घेणारं बटण दाबलं, ते तर आणखी वाईट, वारा आत आला की काच जास्तच पांढरी व्हायची. कोणी म्हणालं काचेवर बटाटा चोळ. चोळला. कोणी म्हणालं दाढीचा फेस लाव. लावला, दोन दिवस गाडीत नवऱ्याच्या गालासारखा वास येत राहिला आणि मी उगाचच वळून मागची सीट बघायची. फडक्याने पुसावं तर फडकंच ओलं. हाताने पुसावं तर तेलकट फराटे उठायचे, आणि समोरून ट्रकचे दिवे आले की त्या फराट्यांत सगळा रस्ता फुटून जायचा.

शहाडच्या पुलावर तेच झालं. धो धो पाऊस. वायपर बाहेरून जिवाच्या आकांताने काच पुसतोय आणि आतून सगळं दूध सांडल्यासारखं. मी एका हाताने काच घासतेय, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलंय, आणि समोरची रिक्षा कधी थांबली ते दिसलंच नाही. धाडकन बसली.

रिक्षावाला उतरला तो शिव्या देतच. मीही उतरले. मला शिव्या ऐकून घ्यायची सवय घरी होती, बाहेर नव्हती. तो म्हणाला, "दिसत नाही तर घरी बसून पोळ्या लाट." मी म्हटलं, "तुझ्या थोबाडावर लाटू का?" त्याने सीटखालून लोखंडी दांडा काढला आणि माझ्या बाजूच्या आरशावर घातला. आरसा देठासकट लोंबला. "बाई आहेस म्हणून सोडतोय," म्हणाला.

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "नको सोडू! ये ना, ये!" म्हणत मी त्याची कॉलर धरली. शर्टाचं बटण तुटून माझ्या हातात आलं. त्याने मला ढकललं, मी पुलाच्या कठड्यावर आदळले, खांदा सोलवटला. मागे हॉर्न, बाजूला मोबाइल काढून उभी असलेली माणसं. एकाने तरी मध्ये पडावं? छे! सगळे शूटिंगला आल्यासारखे. शेवटी ट्रकवाल्याने खाली उतरून रिक्षावाल्याला दोन ठेवून दिल्या आणि रस्ता मोकळा झाला. आईकडे पोचले आणि आधी तिचा डायपर बदलला. ती माझ्या खांद्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "घसरले गं पावसात."

घरी आल्यावर नवऱ्याने आधी आरसा पाहिला, मग मला. मी तोंड उघडायच्या आत कानाखाली आवाज निघाला. अंगणातच. समोरच्या घरात त्याचा चुलतभाऊ राहतो, त्याची बायको गॅलरीतून बघत होती. तिने हळूच आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवला. दुसरी थप्पड बसली तेव्हा जिभेला रक्ताची चव आली. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू, पण भीतीपेक्षा राग जास्त होता, कारण तो म्हणाला, "वाफ म्हणे वाफ! माझ्या हातात असते तेव्हा कशी धरत नाही?"

कशी धरेल? हा चारही काचा खाली करून, एक कोपर बाहेर काढून, सिगरेट ओढत गाडी हाकणारा. सीट भिजली तर भिजली. वाफ बाहेर निघून जायची, त्याला काय कळणार! हे मी तेव्हा बोलले नाही. बोलले असते तर तिसरी बसली असती.

त्याने चावी खिशात घातली. "आता जा रिक्षाने."

मग रिक्षा, लोकल, परत रिक्षा. घरचं सगळं उरकून निघायचं, रस्ता तुंबलेला, शहाडला पोचेपर्यंत ऊन वर आलेलं. आई डोळे दाराला लावून. त्या आठवड्यात तिच्या माकडहाडापाशी लाल चट्टा उठला. मी दाबला तर लाली जाईना. डॉक्टर मला म्हणाले, "ओल्यात ठेवू नका त्यांना. एकदा कातडी फुटली की आवरायचं कठीण होईल." मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि रडले. मग डोळे पुसले आणि ठरवलं, ही वाफ कुठून येते ते मी शोधणार. नवऱ्याच्या तोंडावर फेकणार, आणि चावी घेणार.

त्याच्या ओळखीचा एक गॅरेजवाला येऊन गेला होता. तो एसीचा गॅस भरून गेला. वाफ होती तिथेच. माझं म्हणणं कोणी ऐकून घेतलंच नाही, बाईने सांगितलेल्या बिघाडाला कोण विचारतो?

सासूबाईंनी मात्र विचारलं. त्यांच्या मनात माझ्याबद्दल माया होती असं नाही, पण मुलाने बायकोला अंगणात मारलेलं त्यांना आवडलं नव्हतं. घरात मारलेलं चालायचं. त्या म्हणाल्या, "मिटाचा ताट ठेव गो गारीन."

त्यांचं लहानपण मिठागरात गेलेलं. मीठ म्हटलं की त्यांना बाकी कशाची गरज पडत नाही. दाढ दुखली मीठ, दृष्ट लागली मीठ. दुसरी चावी देव्हाऱ्याच्या खणात असायची, ती त्यांनीच काढून दिली आणि "त्याला सांगू नको" असंही वर बजावलं. ती चावी घेऊन शहाडला जावं असं एकदा मनात आलं, पण गाडी अंगणाबाहेर निघाली की गावातून त्याला फोन जातो. जाडं मीठ ताटात पसरून मी गाडीत ठेवलं, काचा गच्च लावल्या. सकाळी दोघी बघायला गेलो. ताटात पाणी. मीठ नुसतं ओलं झालं नव्हतं, पाण्यात बसलं होतं. रात्रभर गाडीत ना माझं तोंड होतं, ना फोन.

सासूबाईंनी बोट बुडवलं. "गारीनच पानी हाय. ह्या तुजे तोंडाचा नाय."

मला इतका आनंद झाला की काय सांगू. जगात एक तरी माणूस म्हणालं की दोष माझ्या तोंडाचा नाही.

मग मी पायाखालच्या मॅट उचलल्या. वरून कोरड्या. खालच्या कार्पेटवर वर्तमानपत्र ठेवून पाय दिला तर डावीकडचा कागद क्षणात काळा पडला. स्पंजासारखं भरलेलं कार्पेट. म्हणजे रोज ऊन-उकाड्याने हे पाणी वर यायचं आणि गार काचेवर बसायचं. काच पुसून काय होणार, खाली डबकं होतं!

पण पाणी कुठलं? मोबाइलवर बघून बघून मला एवढं कळलं होतं की तीन ठिकाणांहून येऊ शकतं. एसीचं पाणी असेल तर गाडीखाली ठिबकणार नाही. आमचं व्यवस्थित ठिबकत होतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी गळत असेल तर ते चिकट लागतं, गोडसर वास येतो, आणि बॉनेटखालची त्याची डबी रिकामी होत जाते. डबी भरलेली होती, आणि माझ्या बोटाला लागलं ते चिकट नव्हतं. त्याला कुजक्या फुलांचा वास होता. म्हणजे पावसाचं.

नवरा गाळ्यांवर गेलेला असताना मी तांब्या घेऊन गाडीला अंघोळ घातली. आधी दारांवर. आत कोरडं. मग छतावर. कोरडं. मग समोरच्या काचेच्या पायथ्याशी, वायपर जिथे बसतात त्या काळ्या जाळीत ओतत राहिले, आणि सासूबाईंना आत वाकून बघायला सांगितलं. थोड्या वेळाने त्या ओरडल्या, "आला! आला गो!" डॅशबोर्डच्या डावीकडच्या खणामागून धार लागली होती.

रविवारी उघडायचं ठरवलं. मुद्दाम रविवारी. तो घरी असताना, त्याच्या डोळ्यांसमोर. तिथेच माझं चुकलं असं माझी नणंद नंतर म्हणाली. मला नाही वाटत.

पाऊस थांबला होता. मी टूल किट अंगणात पसरलं, चाकाचा मोठा पाना बॉनेटवर ठेवला, वायपर सोडवले आणि ती काळी जाळी खेचून काढली. आत बघितलं आणि आधी काही कळेचना. काळा चिखल, त्यात झेंडूच्या पाकळ्या, आंब्याचं पान, आपट्याची पानं, नारळाची शेंडी, सगळं लगदा होऊन कोपऱ्यातल्या भोकावर बसलेलं. आणि त्या लगद्यातून हिरवी पाती वर आलेली. बोटभर उंचीची. दाट.

भात उगवला होता.

दसऱ्याला सासरी दाराला तोरण लागतं, झेंडू, आंब्याची पानं आणि मधे नव्या भाताच्या लोंब्या. दाराला तसं गाडीलाही. शेत होतं तोवर लोंब्या घरच्या, आता नवरा कल्याणच्या बाजारातून आणतो आणि सगळ्यांपेक्षा जाडजूड आणतो. वाऱ्याने उडू नये म्हणून तोरणाची टोकं वायपरखाली कोंबतो. आणि घरातला नियम असा की तोरण हाताने ओढून काढायचं नाही, आपोआप गळू द्यायचं. गळलं ते जाळीतून खाली. दाणे उन्हाळाभर पडून राहिले, पावसाचं पाणी मिळालं तसे रुजले. भोक बुजलं, पाणी साठलं, आणि पंख्याच्या वाटेने आत डावीकडच्या कार्पेटखाली.

सासूबाई वाकून बघायला लागल्या आणि हसत सुटल्या. त्यांना हसू आवरेना, पदर तोंडात धरून खालीच बसल्या. आवाज ऐकून गॅलरीत चुलतदीर आला. त्याला दिसलं. तो तिथून ओरडला, "दादा, अरे यंदा लावणी लवकर उरकलीस! अर्धा एकर तरी निघेल ना?" त्याची बायकोही हसली, तीच, टीव्ही वाढवणारी.

नवरा दारात उभा होता. बनियन, बर्म्युडा, हातात चहाचा कप. तो बघत होता आणि मीही हसत होते. हो, हसत होते! आईच्या पाठीवरचा चट्टा, माझा खांदा, गालावरची बोटं, या सगळ्याचं कारण हे बोटभर गवत. हसू नको तर काय करू?

मी चिखल हाताने उपसला, तार घालून भोक मोकळं केलं. तुंबलेलं पाणी गुडगुडत चाकावर पडलं. पुढचं कार्पेट सोडवून भिंतीवर टाकलं, लोखंड पुसून कोरडं केलं, जाळी परत बसवली, वायपर लावले. मग दुसरी चावी घेऊन आत बसले, दारं बंद, काचा वर, इंजिन चालू. आणि मोठमोठ्याने बोलायला लागले. काहीही. पाढे म्हटले, भाजीचे भाव म्हटले. सासूबाई बाहेरून काचेवर तांब्याने पाणी मारत होत्या. काच लख्ख. आतून एक ठिपका नाही. गॅलरीतून टाळ्या पडल्या.

तो कप खाली ठेवून आला. माझ्या काचेवर हाताने थापटलं. "उतर."

"चावी माझ्याकडे राहू दे," मी आतून म्हटलं. "उद्यापासून मी गाडीने जाणार."

"उतर म्हणतो ना."

"आधी म्हणा, चूक माझी नव्हती. एवढंच म्हणा. त्यांच्यासमोर मारलंत ना, त्यांच्यासमोरच म्हणा."

हे मी का बोलले? कारण मला वाटत होतं तो वाफेवरून मारतो. आरशावरून, चावीवरून, मिठावरून, उशिरावरून. कारण मिटलं की हात थांबेल, असं इतकी वर्षं धरून चालले होते. आता कारण मिटलं होतं. सगळ्यांनी बघितलं होतं. आणि त्याचं तोंड मी आजवर कधी पाहिलं नव्हतं इतकं काळं झालं होतं.

त्याने बॉनेटवरचा पाना उचलला.

आवाज झाला आणि माझ्या बाजूची काच तांदळासारखी माझ्या अंगावर कोसळली. पाना आत येऊन माझ्या कानामागच्या सीटमध्ये रुतला. पुढे सगळे म्हणत राहिले की रागाच्या भरात त्याने काच फोडली. भाऊबंद म्हणाले, पोलीस म्हणाले, माझी नणंद म्हणाली. काच वाटेत आली म्हणून फुटली. तिच्यामागे माझं डोकं होतं, आणि मारलं ते तिथे होतं. मी वाकले नसते तर हे सांगायला नसते.

तो पाना ओढायला परत वाकला. मी दाराचा खटका सोडला आणि दोन्ही पायांनी दार त्याच्यावर मारलं, होतं नव्हतं ते सगळं बळ लावून. दार त्याच्या गुडघ्यांवर बसलं. तो कळवळून चिखलात मागे पडला. मला बरं वाटलं. आजही वाटतं.

"कंला त्याचे तोंडाला लागतंस!" सासूबाई माझ्यावरच ओरडल्या. ओरडत ओरडतच त्या फाटकाकडे धावल्या आणि त्यांनी फाटक सताड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी गियर टाकला.

शीळ रस्त्याला लागेपर्यंत पाऊस परत सुरू झाला होता आणि फुटक्या खिडकीतून माझी उजवी बाजू भिजत होती. कानामागून रक्त मानेवर येत होतं. पत्रीपुलावर कोणीतरी शेजारच्या गाडीतून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, "काही नाही, नवरा आहे."

आईच्या खोलीत शेजारीण होती, रविवार असल्याने. ती मला बघून किंचाळली आणि हळद आणायला पळाली. मी आईच्या पलंगाच्या कडेला बसले. आईने डावा हात उचलला. तोच तिचा उरलेला हात. त्याने ती माझ्या केसांतून काचेचे दाणे वेचायला लागली. एक एक काढून चादरीवर ठेवत होती. दाणे निसटत होते, तरी थांबेना.

धडधाकट होती तेव्हा हीच आई मला परत पाठवायची. गाल सुजवून आले की चहा करून द्यायची, डोक्याला तेल लावायची, आणि दिवेलागणीच्या आत स्वतः रिक्षात बसवायची. "तुझं घर तिकडे," म्हणायची. प्रत्येक वेळी. मी तिच्यावर चिडायची, रडायची, आणि जायची.

फोन वाजला. त्याचा. मग परत. मग परत. मी म्हटलं, "आई, मी जाते. तो इथे आला तर तुझ्यासमोर तमाशा करेल." आणि उठले.

आईने माझं मनगट धरलं. डाव्या हाताने, इतकं घट्ट की तिची नखं कातडीत गेली आणि रक्त आलं. तोंड वाकडं करून ती काहीतरी म्हणायला बघत होती, आवाज नुसता घशात घुसमटत होता, डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. मी म्हटलं, "आई, सोड, दुखतंय." तिने सोडलं नाही. शेजारणीने बोटं सोडवायचा प्रयत्न केला, तिलाही जमलं नाही.

मी दुसऱ्या हाताने फोन बंद केला आणि तिच्या शेजारी आडवी झाले.